एकाची सर्दी घरभर होऊ नये म्हणून

प्रश्न : आम्ही नाशिकला वन बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. घरात सासूबाई (वय ६८, मधुमेह आणि दमा), सासरे, आम्ही दोघं, पहिलीतला मुलगा आणि चार महिन्यांची मुलगी अशी सहा माणसं आहेत. गेल्या डिसेंबरात मुलाने शाळेतून सर्दी आणली आणि बघता बघता सगळे आळीपाळीने आजारी पडले. सासूबाईंना न्यूमोनिया होऊन पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. यंदा बाळ असल्यामुळे जास्त भीती वाटते. थंडी पडल्यापासून संध्याकाळी सहालाच खिडक्या लावून घेतो, मुलाचं दही-केळं बंद केलंय, सासूबाई रोज ओव्याची धुरी करतात, मेडिकलमधून अँटिबायोटिकही आणून ठेवलंय. मुलगा आजीच्या कुशीतच झोपतो, त्यामुळे रात्री पांघरूण नीट राहतं. वेगळी खोली द्यायला जागा नाही. जानेवारीत बाळाचं बोरन्हाण करायचं ठरलंय, ते करावं का? फ्लूची लस घ्यावी का, की आता उशीर झाला? यंदा सगळ्यांना कसं वाचवू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात. मुलगा आजीच्या कुशीत झोपतो. एका गोधडीत, खिडक्या लावलेल्या खोलीत, रोज रात्री आठ-नऊ तास आजी-नातवाचा श्वास एकमेकांच्या तोंडावर येतो. गेल्या वर्षीचा आजार सासूबाईंपर्यंत बहुधा असाच पोचला असणार. दिवसभर कितीही हात धुतले, तरी ही एक वाट उघडी राहिली की बाकीची मेहनत वाया जाते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. सगळ्यांना वाचवायला जाऊ नका. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे, आणि त्याच्यामागून तुम्हा दोघांना एखाद्या वेळी होणारच. तुम्ही तिघं आठवडा-दहा दिवसांत त्यातून बरे व्हाल. सासूबाई आणि बाळ यांचं तसं नाही. दम्याच्या रुग्णाला साध्या सर्दीतूनही धाप लागू शकते, मधुमेहात फ्लूचा न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते आणि चार महिन्यांच्या बाळाच्या श्वासनळ्या इतक्या अरुंद असतात की थोड्याशा कफानेही दूध ओढताना दम लागतो. म्हणून सगळी शक्ती या दोघींवर लावा. सासऱ्यांचं वय धरता तेही त्यांच्याच बाजूला. असं ठरवलं की वन बीएचकेमध्येही बरंच काही जमतं.

आता वेळेचा हिशेब. सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत. त्यातले सगळ्यात जास्त ऱ्हायनोव्हायरस गटातले. संसर्ग झाल्यावर एक ते तीन दिवसांत नाक वाहायला लागतं. फ्लूचा विषाणू वेगळा, त्याला साधारण दोन दिवस लागतात, कधी एक तर कधी चार. सर्दी हळूहळू चढते, आधी घशात खवखव, मग शिंका, मग नाक गळणं, आणि ताप असला तर किरकोळ. फ्लू मात्र एकदम येतो. सकाळी शाळेत धावत गेलेलं मूल दुपारी १०२ तापाने, अंग दुखतंय म्हणून रडत परत येतं. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना संसर्ग देऊ शकतो, पहिले तीन-चार दिवस तो सगळ्यात जास्त देतो आणि साधारण पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. सर्दीतही पहिले दोन-तीन दिवस जोराचे. म्हणून ‘बघू उद्या, वाढली तर वेगळं झोपवू’ हे धोरण फसतं. तोवर आजीच्या कुशीत दोन रात्री होऊन गेलेल्या असतात. पहिली शिंक किंवा घसा दुखतो असं मुलाने म्हटलं, की त्याच संध्याकाळी व्यवस्था बदलायची. साधी सर्दी निघाली तरी बिघडत काही नाही.

आमचं तर म्हणणं असं, की मार्च संपेपर्यंत मुलाची झोपायची जागा आजीपासून वेगळीच करा. आजारी पडल्यावर अंथरूण हलवलं की ती त्याला शिक्षा वाटते आणि आजीलाही वाईट वाटतं. आधीच हलवलेलं असलं की प्रश्न येत नाही. गोष्ट सांगायची तर संध्याकाळी उजेडात, खिडकीपाशी, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून सांगता येते. पांघरुणाची काळजी असेल तर त्याला स्वेटर-पायजमा घालून झोपवा, गोधडी अंगावरून गेली तरी चालेल.

घरात कोणी आजारी पडलं की खोल्यांची वाटणी अशी करा. आजारी माणूस बेडरूममध्ये, त्याच्याबरोबर एकच सांभाळणारं माणूस. मुलगा आजारी असेल तर ते माणूस म्हणजे त्याचे बाबा, तुम्ही नव्हे, कारण तुम्हाला बाळाला पाजायचं आहे. सासूबाई, सासरे, बाळ आणि तुम्ही हॉलमध्ये. बेडरूममध्येही बाप-लेकांच्या डोक्यांमध्ये जमेल तेवढं अंतर ठेवा. जागा कमी असेल तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे करा. दोन मीटर अंतर मिळालं तर उत्तम, पण लहान खोलीत अंतरापेक्षा हवा जास्त महत्त्वाची.

आणि इथे तुमची सहाला खिडक्या लावायची सवय आडवी येते. खोकताना-शिंकताना मोठे थेंब जवळच पडतात, पण बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. जेवढी माणसं जास्त आणि खोली बंद, तेवढे ते साठत जातात. त्यात थंडीतली हवा कोरडी असते आणि फ्लूचा विषाणू कोरड्या, गार हवेत जास्त काळ टिकतो. नाशिक-निफाडकडे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा रात्रभर खिडकी सताड उघडी ठेवा असं कोणी सांगणार नाही. पण दिवसा, ऊन असताना, समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडा. दर दोन-तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटं. एकच खिडकी उघडून फार उपयोग होत नाही, हवेला आत यायला एक वाट आणि जायला दुसरी वाट लागते. रात्री आजारी माणसाच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी, दार लावलेलं आणि त्या खोलीला लागून बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट चालू. टेबल फॅन असेल तर खिडकीपाशी बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा हॉलकडे न येता बाहेर जाते. तोच फॅन आजारी मुलाच्या मागे ठेवून हॉलकडे फिरवलात तर नेमकं उलटं होईल, हे लक्षात असू द्या. झोत कोणाच्या अंगावर नको, अंगावर कपडे जास्त हवेत.

मास्क आजारी माणसाने लावायचा, हॉलमधून जाताना आणि सांभाळणाऱ्याशी बोलताना. सांभाळणाऱ्यानेही लावावा. तीन पदरी सर्जिकल मास्क पुरेसा आहे, नाकावरची तार चिमटून बसवलेला आणि हनुवटीखालपर्यंत ओढलेला. सासूबाईंना आजारी माणसाजवळ जाणं भागच पडलं तर त्यांना एन-९५ द्या. दम्यामुळे तो घालून धाप लागत असेल तर जबरदस्ती करू नका, त्यांना लांबच ठेवा. ओला झालेला मास्क बदलायचा. बाळाला मास्क कधीही लावायचा नाही, त्यात बाळ गुदमरू शकतं.

आता हात आणि फडकी. तुमच्या घरात बेसिनशेजारी एक नॅपकिन टांगलेला असेल, सगळे त्यालाच हात-तोंड पुसत असतील. तो नॅपकिन आजच काढा. साबणाने चोख धुतलेला हात आधीच्या माणसाने नाक पुसलेल्या ओल्या कापडाला लागला की धुतल्याचा उपयोग उरत नाही. प्रत्येकाचा छोटा पंचा वेगळा, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या खिळ्यावर, आणि रोज धुवायचा. दुसरं फडकं म्हणजे आजीचा पदर. नातवाचं नाक वाहिलं की हात आपोआप पदराकडे जातो आणि थोड्या वेळाने तोच पदर स्वतःच्या तोंडावरून फिरतो, बाळाच्या तोंडावरून फिरतो. हे मायेने होतं, म्हणून रागावून नाही तर समजावून सांगा. सोय म्हणून जुनं मऊ सुती लुगडं किंवा धोतर फाडून तळहाताएवढे तुकडे करून डब्यात ठेवा. एक तुकडा एकदाच वापरायचा, लगेच झाकणाच्या कचरापेटीत किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचा, मग हात धुवायचे. शाळेत मुलाच्या खिशातला एकच रुमाल दिवसभर नाकाला, हाताला आणि डब्यानंतर तोंडाला लागतो. त्याऐवजी दप्तरात तीन छोटे रुमाल आणि वापरलेले टाकायला एक प्लॅस्टिकची पिशवी द्या. शिंक आली तर हाताच्या तळव्यात नाही, कोपराच्या आतल्या बाजूला, हे त्याच्याकडून खेळात पाच-सहा वेळा करून घ्या.

हात धुण्यात थंडीत एक साधी अडचण येते. सकाळचं टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, मूल फक्त बोटांची टोकं भिजवून पळतं. विषाणू जाण्यासाठी गरम पाणीच लागतं असं नाही, काम साबण आणि चोळणं यांचं आहे, पण पाणी कोमट असेल तर मूल वीस सेकंद हात चोळेल. बेसिनजवळ कोमट पाण्याचा तांब्या ठेवा. तळवे, हातांच्या मागच्या बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखं हा क्रम त्याला पाठ होऊ द्या. केव्हा? शाळेतून आल्याबरोबर, जेवणाआधी, नाक शिंकरल्यावर. मोठ्यांनी बाळाला उचलण्याआधी प्रत्येक वेळी. साबणाची वडी चालते, फक्त ती पाण्यात न भिजता जाळीच्या डबीत ठेवा. थंडीत हात फुटतात आणि साबण झोंबला की माणूस धुणं टाळतं, म्हणून हात कोरडे करून खोबरेल किंवा व्हॅसलिन लावत जा.

सॅनिटायझर बाहेर असताना ठीक आहे, त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं आणि दोन्ही हात पूर्ण ओले होतील एवढं घेऊन ते आपोआप वाळेपर्यंत चोळायला हवं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्लूच्या विषाणूवर मेदाचं आवरण असतं, ते अल्कोहोलने आणि साबणाने फुटतं. ऱ्हायनोव्हायरसला असं आवरणच नसतं, त्यामुळे सर्दीच्या दिवसांत सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी सरस. आणि हाताला शेंबूड लागलेला असेल तर सॅनिटायझर त्याच्या आत नीट पोचत नाही.

फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस टिकू शकतो, कापडावर-कागदावर आठ-बारा तास. म्हणून घरात कोणी आजारी असताना दिवसातून दोनदा या गोष्टी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा : नळाची तोटी, दारांच्या कड्या, फ्रिजचं हँडल, दिव्यांची बटणं, रिमोट, मोबाइल (हा आधी बंद करून, ओलसर कापडाने), बाथरूममधला मग आणि बादलीचा कान. शेवटच्या दोन वस्तू हमखास राहून जातात. ब्लीच वापरू नका असा आमचा सल्ला आहे, कारण त्याच्या वासाने सासूबाईंचा दमा उसळू शकतो, आणि त्यात चुकून टॉयलेटचं ॲसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. साबण पुरतो.

भांडी वेगळी करायची गरज नाही. नेहमीसारखी साबणाने घासून धुतलेली भांडी सुरक्षित असतात. बंद करायचं ते उष्टं. नातवाच्या ताटात उरलेला वरणभात आजी संपवतात, बाळाला दूध देण्याचा चमचा आई आधी स्वतःच्या ओठांना लावून गरम-गार बघते, हे या दिवसांत नको. गरम आहे का ते मनगटावर थेंब टाकून बघा. पाणी पिताना फुलपात्र प्रत्येकाचं वेगळं, किंवा वरून प्या.

अंथरुणातलं सांगतो. आजारी माणसाच्या उशीचा अभ्रा रोज बदला. गोधडी रोज धुता येत नाही, म्हणून तिच्या तोंडाकडच्या कडेला जुन्या चादरीची पट्टी टाचून घ्या आणि ती पट्टीच धुवा. गोधडी दिवसभर कडक उन्हात टाका. घरात झटकू नका. कपडे नेहमीच्या पावडरने धुतले, उन्हात वाळवले की पुरे. धुणं भिजवताना कपडे छातीशी कवटाळून नेऊ नका आणि नंतर हात धुवा.

दम्याच्या घरांत एक वस्तू हमखास दुर्लक्षित राहते, ती नेब्युलायझर. सासूबाईंसाठी आणलेलं यंत्र मुलालाही लावलं जातं, त्याच मास्कने. यंत्र एक असलं तरी मास्क, नळी आणि औषधाची वाटी प्रत्येकाची वेगळी हवी. वापरानंतर मास्क आणि वाटी साबणाने धुऊन वाळवायची, नळीत मात्र पाणी घालायचं नाही. सासूबाईंचा रोजचा इनहेलर बरं वाटतंय म्हणून थांबवू नका, हिवाळाभर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवा. दमा काबूत असेल तर सर्दी झाली तरी दवाखाना टळण्याची शक्यता वाढते.

धुरीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथे माया आणि इजा एकत्र आली आहे. ओवा-वावडिंगाच्या धुराने सर्दीचा विषाणू मरत नाही. धूर मात्र बाळाच्या आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या सुजवतो आणि सुजलेल्या नळीत आजार लवकर घर करतो. खिडक्या बंद करून निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. धुरी यंदापासून बंद. त्याच कारणाने डासांची कॉइल आणि उदबत्ती बाळाच्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. कापूर आणि कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये. तो पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही बाळाला झटके येऊ शकतात. पोटलीत बांधलेला कापूरही बाळाच्या हाताशी नको. नाकात तेल सोडणं, न्हाऊ घालताना नाकात फुंकणं हेही थांबवा, तेल फुप्फुसात उतरू शकतं. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे सलाइनचे थेंब, पाजण्याआधी दहा मिनिटं, प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन. मध एक वर्ष होईपर्यंत चाटवायचा नाही, बाळगुटीतूनही नाही. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

बाळाला न्हाऊ घालायला बाई येत असतील तर त्या रोज चार-पाच घरांत बाळं हाताळतात. त्यांना सांगून ठेवा, सर्दी-खोकला असेल त्या दिवशी येऊ नका, पैसे कापणार नाही. पैसे कापले तर त्या शिंक दाबून येणारच, त्यांचं पोट आहे. मोठ्यांची साधी सर्दी वाटते ती कधी आरएसव्ही नावाच्या विषाणूची असते, आणि लहान बाळांना ब्रॉन्किओलायटिस म्हणजे बारीक श्वासनळ्यांची सूज येण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. म्हणून पाहुणे आले तर बाळाच्या गालाचा, हाताचा पापा नाही. हात बाळ तोंडात घालतं. पायाला हात लावून कौतुक करा म्हणावं.

तुम्हालाच सर्दी झाली तर पाजणं बंद करू नका. दुधातून बाळाला प्रतिपिंडं मिळतात, दुधातून सर्दी जात नाही. मास्क लावा, हात धुवा, पाजा, ढेकर काढायला बाळ निरोगी माणसाकडे द्या.

दही-केळ्याने सर्दी होत नाही, विषाणूने होते. मुलाला ते आवडत असेल तर दुपारी द्या. काढा गरम असतो, घशाला बरं वाटतं, पण त्याने संसर्ग टळत नाही. सासूबाईंच्या काढ्यात गूळ नको, साखर वाढेल. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमधही नको, त्याने दाब चढतो. वाफेने नाक थोडं मोकळं होतं, पण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवू नका, भाजण्याचे अपघात असेच होतात.

लसीला उशीर झालेला नाही. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात व त्यानंतर असा दोनदा उसळतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून याच आठवड्यात घ्या. आधी सासूबाई, मग सासरे, तुम्ही, मुलगा, त्याचे बाबा. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय ती देता येत नाही, त्यामुळे तिच्याभोवतीच्या सगळ्यांनी घेणं हेच तिचं संरक्षण. तुम्ही पाजत असलात तरी इंजेक्शनची लस चालते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, एका डोसावर थांबू नका. दम्यामुळे सासूबाईंना नाकातल्या फवाऱ्याची जिवंत लस नको, इंजेक्शनचीच हवी. खोक्यावर कोणत्या हंगामाची लस आहे ते छापलेलं असतं, ते आणि मुदतीची तारीख वाचून मगच टोचून घ्या. विषाणू रूप बदलतो आणि संरक्षणही ओसरतं, म्हणून ही दरवर्षी. विषाणू आणि लस यांचं जुळतं तेव्हा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यातून फ्लू होत नाही. दंड दुखणं किंवा दिवसभर कसकस इतकंच. साध्या सर्दीवर लस नाही. २००९ साली पुण्याने ज्या स्वाइन फ्लूची धास्ती घेतली, तोच एच१एन१ आता हंगामी फ्लूतला एक आहे आणि या लसीत त्याचाही समावेश असतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना न्यूमोकोकल लसीबद्दलही विचारा, गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला होता हे आवर्जून सांगा.

बोरन्हाण करा, पण बेत बदला. बंद हॉलमध्ये पंधरा-वीस मुलांचा गराडा आणि मध्ये मांडीवर बाळ, असं नको. गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत, चार वाजताच्या उन्हात, अर्ध्या तासात आटपा. बोलावतानाच सांगा, नाक वाहत असेल तर मुलाला आणू नका, खाऊ घरी पाठवू. मुलं बोरं वेचतील, बाळाला मात्र हातोहात फिरवू नका. बोरं, हलवा, चुरमुरे तिच्या तोंडाशी लागू देऊ नका, घशात अडकतात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला तुम्हाला जावंच लागेल. परत आल्यावर आधी हात-तोंड धुऊन साडी बदला, मग बाळाला घ्या. आणि कोणी आजारी पडलं असेल तर समारंभ पुढे ढकला, तो रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतो.

मुलाला ताप असताना शाळेत पाठवू नका. पॅरासिटामॉल न देता चोवीस तास ताप आला नाही की मग पाठवा. सकाळी औषध देऊन ताप उतरवायचा आणि व्हॅनमध्ये बसवायचा, याने वर्गच्या वर्ग आजारी पडतो.

घरात आणून ठेवलेलं अँटिबायोटिक मात्र वापरू नका. ते जिवाणूंवर चालतं, सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर नाही. खोकल्याची आणि सर्दीची मिश्र सिरपंही लहान मुलांना आपल्या मनाने नकोत. चार वर्षांखाली ती द्यायचीच नाहीत. मोठ्यांच्या सर्दीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून तापाची गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. त्यातलं नाक मोकळं करणारं औषध रक्तदाबही वाढवतं.

सासूबाईंना ताप-खोकला सुरू झाला तर दोन दिवस वाट बघू नका. त्या जोखमीच्या गटात आहेत. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त काम करतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साखर रोज तपासा, जेवण कमी झालं तरी मधुमेहाची औषधं स्वतःहून बंद किंवा कमी न करता डॉक्टरांना विचारा. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं-ओठ निळसर, गुंगी, किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा दिसला तर थेट रुग्णालय गाठा.

बाळाचा श्वास मोजायला आत्ताच शिका. ती शांत असताना, झगा वर करून, पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. फासळ्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, दूध अर्ध्यावर सोडणं, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहणं, किंवा ताप १००.४ च्या वर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ, रात्र असेल तरी. श्वासाला त्रास होत असेल आणि गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. तो नंबर, बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि सासूबाईंच्या औषधांची यादी आजच फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.